खोकलेबुवा आणि तोतया

कंपाउंडरकाकांनी उभ्या आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व केला. एक म्हणजे, आपल्या हातून चुकीची बाटली कधी कुणाच्या घरी गेली नाही. दुसरी म्हणजे, आपले नाक. आणि पहिल्या गोष्टीचे श्रेय ते दुसरीलाच देत.

दवाखाना चौकात होता, चष्मेवाला आणि घड्याळजी यांच्या दुकानांच्या मध्ये. पुढच्या खोलीत बाक, मधल्या खोलीत डॉक्टर आणि मागच्या खोलीत, एका चौकोनी खिडकीआड, काका. खिडकी इतकी लहान की पेशंटांना त्यांचे फक्त दोन हात आणि नाक दिसे. त्या खिडकीतून अडतीस वर्षे लाल-पिवळी मिक्श्चरे बाहेर आली. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी, एका खाचेला एक डोस. काका बाटली भरत, बूच लावण्याआधी ती नाकाखालून नेत, आणि मगच पुढे सरकवत. एकदा औषधांच्या वखारीतून आलेल्या बरणीवर चिठ्ठीच चुकीची होती. झाकण उघडताच काकांनी ती बंद केली आणि डॉक्टरांपुढे नेऊन ठेवली. त्या दिवसापासून डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "मी छातीला नळी लावतो ती तुम्हाला बरं वाटावं म्हणून. खरं निदान त्या खिडकीमागे होतं."

अशी दाद मिळाली की माणूस पुढची वीस वर्षे तिच्यावर काढतो. काकांनी काढली.

मग डॉक्टर गेले. दवाखान्याच्या जागी मोबाइल दुरुस्तीचे दुकान आले आणि काका घरी बसले. रिकामे नाक घरात फिरू लागले. "साबण बदललास का?" "शेजारी कुणीतरी दाराला रंग देतंय." "या कपाटात उंदीर मेलाय, आज नाही, परवा मेलाय." काकू ऐकून ऐकून कंटाळल्या. एक दिवस हात जोडून म्हणाल्या, "अहो, तुम्ही पेन्शनीत निघालात, तसं त्या नाकालाही काढा की!"

त्या नाकाला नवी नोकरी दिली ती बाईंनी.

बाई म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई. गावातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी कधी ना कधी पिळलेले, त्यामुळे त्यांनी बोलावले की लोक यायचे. गावाच्या तिन्ही बाजूंना डोंगर. त्यांच्यावर एकेकाळी घनदाट वर्षावन होते. आधी लाकूड गेले, मग गुरांसाठी कुरणे झाली, मग गुरेही गेली आणि काटेरी झुडपांचे रान माजले. मूळ अरण्याचे दोनच तुकडे उरले. एक डोंगराच्या खांद्यावर, दुसरा खाली ओढ्याच्या घळीत. अबोला धरलेल्या सख्ख्या भावांसारखे दोघे समोरासमोर उभे, मधे अर्धा मैल काटे. बाईंना हे दोन तुकडे जोडायचे होते.

वाचनालयाच्या खोलीत पहिली बैठक झाली तेव्हा मागून कुणीतरी विचारले, "बाई, झाडंच लावायची ना? मग जी भराभर वाढतात ती लावू."

"झाडं कुठलीही वाढतात," बाई म्हणाल्या. "घरातलं माणूस हरवलं तर रस्त्यावरचं कुणीही आणून बसवतोस का खुर्चीवर? जे गेलं तेच परत आणायचंय."

त्या बैठकीला मुकादमही होता. सडकेच्या कामावर हयात घालवलेला, खांद्याने दार अडेल असा माणूस. "जन्मभर झाडं पाडून रस्ते केले," तो म्हणाला, "आता खड्डे खणतो. वर गेल्यावर कुणी विचारलं, तर तोंड उघडायला काहीतरी पाहिजे."

खांद्यावरच्या अरण्यात सगळे पहिल्यांदा गेले, तेव्हा बाईंनी एका प्रचंड झाडाखाली थांबून सांगितले की या अरण्याचा कर्ता पुरुष हा. याच्या सावलीत बाकीची तीस-चाळीस जातींची झाडे वाढतात. काकांनी खाली पडलेले एक पान उचलले, मधोमध फाडले, नाकाशी नेले आणि डोळे मिटले.

"काय हो कंपाउंडरसाहेब, झोप लागली का?" मुकादमाने विचारले.

"डॉक्टरांचं खोकल्याचं औषध," काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "ताजं नव्हे. बाटली संपल्यावर तिच्या तळाशी उरतो ना, तो वास."

"म्हणजे हे खोकलेबुवा!" मुकादम म्हणाला, आणि नाव कायमचे चिकटले. पुढे पुढे नुसते 'बुवा'.

बुवाला एक वैरी होता. रस्त्याच्या दुतर्फा सावलीसाठी कधीकाळी लावलेले, दूर मुलखातून आणलेले एक देखणे झाड. त्याची फळे पाखरे खात आणि बिया रानभर टाकत. ते जिथे रुजेल तिथे आपल्याखाली दुसरे काही उगवू देत नसे. तोडावे तर बुंध्यातून दहा फुटत. आणि गंमत अशी, की लहानपणी ते हुबेहूब बुवासारखे दिसे. तेच चकचकीत पान, तीच तांबूस पालवी. फरक डोळ्यांना कळायला ते माणसाएवढे व्हावे लागे, आणि तोवर त्याने जमीन धरलेली असे. बाईंनी त्याचे नाव 'तोतया' ठेवले.

आता पाखरे दोन्ही फळे खाणार, बुवाच्या फांद्यांवर बसून तोतयाच्या बिया खाली टाकणार. त्यामुळे बुवाखाली वेचलेल्या बियांत तोतया हटकून असायचाच. बिया निवडत बसायलाही सवड नव्हती, कारण बुवाचे बी म्हणजे अळवावरचे पाणी. आठ दिवस कोरडे राहिले की मेले. आणले की ओल्या मातीत पुरायचे, आणि रोपांना चार पाने फुटली की मग तोतये वेगळे करायचे. कसे? तर सगळ्यात खालच्या पानाचा नखाएवढा तुकडा घेऊन, वासाने.

इथे काकांचा प्रवेश होई. शाळेमागच्या पडीक जागेत हिरव्या जाळीखाली रोपवाटिका होती. काका स्टुलावर बसत, समोर पिशव्यांच्या रांगा. तुकडा नाकाशी, डोळे बंद. "बुवा." पुढची पिशवी. "बुवा." पुढची. "तोतया." तोतया उपटून खताच्या खड्ड्यात जाई. पाचात एक, असे साधारण प्रमाण पडे. नऊ वर्षे हा खेळ हाऊसफुल चालला. लोक बघायला उभे राहत. एकदा एका मुलीने हौसेने पान फाडून हुंगले, तेव्हा काकांनी तिला झापले. "हात कशाचे आहेत तुझे? साबण, तेल, बिस्किटं! रोपांना मानवत नाही. इथे पानाला हात एकानेच लावायचा." तोच वाटिकेचा नियम झाला. इथे एकच नाक.

मग एका वर्षी काकांना आठ दिवस ताप आला. नवव्या दिवशी उतरला. उठून त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि त्यांना वाटले, काकूंनी नुसते गरम पाणी दिले. दुसऱ्या दिवशीही तसेच. साबण हुंगला, काही नाही. जुनी औषधाची एक बाटली त्यांनी डॉक्टरांची आठवण म्हणून कपाटात जपून ठेवली होती, ती उघडली. काही नाही. जणू कुणी आतून दिवा मालवला होता.

ते कुणाला बोलले नाहीत. सर्दी असेल, उतरेल.

तीन आठवड्यांनी रोपांना चार पाने फुटली. या खेपेला बी फार मोठे होते. बुवा तीन-चार वर्षांतून एकदाच मनापासून फळतो, आणि ते वर्ष तसे होते. याच रोपांतून दोन्ही तुकड्यांमधली जोडपट्टी पुरी होणार होती. बाई, मुकादम आणि आणखी आठ-दहा जण जमले. स्टूल मांडलेले. काका बसले. पानाचा तुकडा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि वाट पाहिली.

रंगभूमीवर नट रिकाम्या पेल्यातून पितो. कसा घोट गिळतो, कसे ओठ पुसतो, आणि आपल्याला घसा ओला झाल्यासारखे वाटते! काकांनी तसे केले. "बुवा," ते म्हणाले. मग पुन्हा. "बुवा." पाचव्या-सहाव्या रोपाला, जरा भुवई चढवून, "तोतया." बघणाऱ्यांना काडीचा संशय आला नाही. उलट मुकादम म्हणाला, "आज काय झपाझप चाललंय!" दोन दिवसांत सहाशे बारा रोपे पास झाली. घरी येऊन काका न जेवता झोपले.

पुढे वर्षभर ते रोज सकाळी न्हाणीघराचे दार लावून त्या जुन्या बाटलीचे बूच काढत, हुंगत आणि पुन्हा लावत. वास आला की आपण गुपचूप जाऊन सगळी रोपे पुन्हा तपासू, कुणाला कळणारही नाही. पण वास काही आला नाही. रोपे मात्र गुडघाभर झाली. मुकादमाने सहाशे बारा खड्डे खणून तयार ठेवले. लावणीचा रविवार ठरला.

त्याआधीच्या गुरुवारी सकाळी काका खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. काकूंनी चहा आणून ठेवला आणि समोर बसल्या. आपला कप हातात तसाच.

"चहा कसा झालाय?"

"चांगला झालाय की."

"काही वेगळा वाटतोय?"

काकांनी एक घोट चवीने घेतला. "जरा... आलं जास्त आहे."

"आलं नाहीच घातलेलं," काकू म्हणाल्या. "आणि तुमच्या खुर्चीखाली मघापासून रॉकेलचा बोळा ठेवलाय. डोकं भणभणतंय माझं. तुम्ही आपले बातम्या वाचताय."

काकांनी वर्तमानपत्र घडी केले. मग त्या घडीची घडी केली. मग तिचीही.

"किती दिवस झाले?"

"तापापासून."

"सव्वा वर्ष! आणि मी आपली खूश. म्हटलं, चला, वयानं माणूस शहाणा झाला, साबणावर बोलत नाही, कपाटावर बोलत नाही. सुखाचे दिवस आले म्हणायचे!" काकू उठल्या, बोळा उचलून बाहेर टाकून आल्या, आणि दारातच थांबल्या. त्यांचा चेहरा बदलला होता. "अहो, पण तापानंतरच ना तुम्ही ती रोपं बघितलीत?"

काकांनी मांडीवरची घडी आणखी दाबली.

"आता लावायचीत ती."

"रविवारी."

"सांगितलंत बाईंना?"

"काय सांगू?" काकांचा आवाज चढला. "अडतीस वर्षांत खिडकीतून एक चुकीची बाटली गेली नाही, आता एकदम सहाशे बारा गेल्या, हे सांगू? नऊ वर्षं ती माणसं काटे उपसतायत. पट्टीच्या मधोमध तोतये उभे राहिले तर दोन्हीकडच्या रानात बी जाईल. होतं तेसुद्धा जाईल. हे माझ्या तोंडानं सांगू?"

काकू समोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांना ओरडायचे होते, पण नवऱ्याच्या हातातल्या त्या घडीवरच्या घडीकडे बघून त्यांचा सूर खाली आला.

"ती पांढऱ्या छत्रीची म्हातारी आठवते? तुम्हाला वाटलं, तिला दुसऱ्याच कुणाची बाटली दिली. हातातलं टाकून अनवाणी पळालात, पार पुलापर्यंत."

"बाटली बरोबरच होती."

"हो ना. बरोबर होती, तरी पळालात. संशयापायी पळालात. आणि इथे खात्री आहे तरी बसलाय."

काकांनी ऐकले, पण अर्धेच. माणसाचे असेच असते. खरे सांगायचे ठरले तरी आधी एक खोटे करून बघावेसे वाटते. शुक्रवारी सकाळी त्यांनी बाईंना फोन लावला आणि दवाखान्यातला ठेवणीतला गंभीर आवाज काढला.

"बाई, रोपांची प्रकृती बरी दिसत नाही. मुळांना बुरशी आहे. माझं म्हणणं, हे वर्ष जाऊ द्या."

"बुरशी?" बाई म्हणाल्या. "थांबा, वाटिकेत पोचतेच मी."

काकांनी फोन ठेवला आणि त्यांच्या लक्षात आले की आपण ज्यांना बुरशीची थाप मारली, त्यांनी तेहतीस वर्षे पोरांना बुरशी शिकवली आहे.

ते वाटिकेत पोचले तेव्हा बाईंनी कामाला सुरुवात केली होती. मुकादमही फावड्यासह हजर. बाईंनी एक पिशवी उलटी करून मातीचा गोळा तळहातावर घेतला, बोटांनी माती मोकळी केली. मुळे पांढरीशुभ्र. दुसरी पिशवी, तशीच. तिसरी, तशीच. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"काका, कुठाय बुरशी?"

मुकादम म्हणाला, "मला पण दाखवा. सहाशे खड्डे खणलेत, त्या बुरशीचं तोंड तरी बघू."

काका नेहमीच्या स्टुलावर जाऊन बसले. पलीकडे जाळीवर पाण्याचे थेंब टपटपत होते.

"बुरशी नाही," ते म्हणाले. "माझं नाक गेलंय. ही रोपं मी न हुंगता पास केली. म्हणजे हुंगली, पण वास आला नाही. अंदाजानं बोललो."

मुकादमाने फावडे भिंतीला टेकवले, ते घसरले, त्याने पुन्हा टेकवले.

"सगळी?" बाईंनी विचारले.

"सगळी."

"आणि जी उपटायला सांगितलीत, ती?"

हा प्रश्न काकांनी वर्षभर स्वतःला विचारला नव्हता. जितके तोतये आत राहिले, जवळजवळ तितकेच बुवा खताच्या खड्ड्यात गेले होते.

बाई वळल्या आणि जाळीच्या टोकापर्यंत चालत गेल्या. शाळेत त्या फार रागावल्या की अशाच फळ्यापर्यंत जाऊन यायच्या. परत आल्या तेव्हा त्यांनी जवळच्या रोपाचे खालचे पान फाडून हुंगले. पुढच्याचे. त्याच्या पुढच्याचे.

"मला काहीच कळत नाहीये. दोन्हीत काहीतरी वास आहे एवढंच. मुकादम, तुम्ही बघा."

मुकादमाने हुंगले. "पानाचा वास येतोय."

"नऊ वर्षांत आपण एकानंही शिकून घेतलं नाही," बाई म्हणाल्या. मग काकांकडे बघून, "तुम्ही शिकवलंही नाहीत. नाक जाणं हा आजार आहे, त्याला मी काय बोलणार? पण हे दुसरं मला जास्त लागलं, काका."

काकांनाही तेच जास्त लागले.

मुकादम मात्र उठला. सायकल काढली, खांद्यावरच्या रानात जाऊन जुन्या बुवाची एक डहाळी आणि येताना रस्त्याकडेच्या तोतयाची एक डहाळी घेऊन आला. दोन डब्यांत दोन्ही ठेवल्या. "हा पक्का बुवा. हा पक्का तोतया. आता यांच्याशी ताडून बघू. यात काय एवढं?"

आणि खरेच, आळीपाळीने दोन्ही डबे हुंगले तेव्हा दहा मिनिटांत बाईंना फरक कळला. मुकादमालाही कळला. नऊ वर्षांची विद्या दहा मिनिटांत दोन डब्यांत मावली. काका स्टुलावरून उठले, भिंतीशी जाऊन उभे राहिले. दिवसभर कुणी त्यांना काही विचारले नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर नवे नट त्यांची भूमिका करत होते, आणि बरी करत होते.

शनिवारी सकाळी जाळीखाली सोळा माणसे जमली, काकूही आल्या. रांगा वाटून घेतल्या, हुंगणे सुरू झाले. तासाभरात गोंधळ उडाला. बाई ज्याला बुवा म्हणत त्याला मुकादम तोतया म्हणे. बाईंनी स्वतःच पास केलेले रोप पुन्हा हुंगून नापास केले. एकाला सगळ्यांतच खोकल्याचे औषध येऊ लागले, दुसऱ्याला कशातच काही येईना. मुकादम वैतागून डब्यातली डहाळी हुंगत ओरडला, "आता तर पक्का बुवापण तोतया वाटायला लागला!"

"थांबा," भिंतीकडून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिले. काका पुढे आले. कालपासून ते पहिल्यांदा बोलत होते.

"वीस रोपांच्या वर सलग बघायचं नाही. नाक थकतं, आणि थकलं की खोटं बोलतं. वीस झाली की आपल्याच सदऱ्याची बाही, कोपराच्या आतली, तिथे नाक लावून दहा श्वास घ्या. आपलाच वास नाकाला घरी आणतो. दुसरं, पान असं चोळायचं नाही. फाडायचं, शिरेच्या आडवं, आणि पहिला वास सोडून द्यायचा. पहिला दोघांचा सारखाच असतो. मनात तीन मोजा, मग जो उरतो तो बुवाचा. तोतयाचा उरतच नाही." ते थांबले. "आणि दर रोपानंतर बोटं राखेनं पुसा. स्टुलाजवळ कुंडीत राख मी उगाच नव्हतो ठेवत."

"म्हणजे तुम्ही दर थोड्या वेळानं बाहीला नाक पुसायचात," मुकादम म्हणाला, "ते नाक पुसणं नव्हतं?"

"नव्हतं."

"नऊ वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात घाणेरडा म्हणत होतो!"

काकूंना हसू आवरेना, मग बाईंनाही.

काम पुन्हा सुरू झाले. काका रांगांमधून फिरत होते. "तीन मोजलेत का? तुम्ही दोनच मोजले." "तुमची वीस झाली, उठा." तासाभराने त्यांना दिसले की एका रांगेत वाद होत नाहीत. तिथे काकू होत्या. पान फाडत, क्षणभर थांबत आणि शांतपणे सांगत. ज्या रोपावर बाई आणि मुकादम भांडत ते शेवटी काकूंपुढे येऊ लागले.

"अगं, तुला इतकं कळतं?" काकांनी वाकून हळूच विचारले.

"चाळीस वर्षं स्वयंपाकघरात काय उभी राहून नाचत होते का?" काकू म्हणाल्या. "घरात दोन नाकं होती. बोलायचं एकच. तिकडे व्हा, उजेड अडवताय."

संध्याकाळी मोजणी झाली. एकशे एकेचाळीस तोतये निघाले. ते उपटायचे काम काकांनी मागून घेतले. एकेक रोप, वर्षभर रोज पाणी घातलेले, मुळासकट.

रविवारी चारशे एकाहत्तर रोपे लागली. पट्टी ओढ्यापर्यंत पोचली नाही. वरून येणारी झाडांची रांग उताराच्या शेवटच्या टप्प्यावर थांबली, आणि पुढे घळीच्या काठापर्यंत एकशे एकेचाळीस उघडे खड्डे तसेच राहिले. बुवा पुन्हा फळेपर्यंत तिथे लावण्यासारखे काही नव्हते. काका शेवटच्या खड्ड्याशी उभे राहिले. दोन पावलांवर घळीतले अरण्य सुरू होत होते.

"बुजवू नका हे," ते म्हणाले.

"बुजवतोय कोण?" मुकादम खड्ड्यांत पाला लोटत होता. "पाला कुजू दे. खड्डा मुरला की बरा असतो. फक्त पुढच्या वेळी खोटी बुरशी आणू नका, खरं काहीतरी आणा."

बुवा फळायला तीन वर्षे गेली. दर सोमवारी काका उतारावर जाऊन खड्ड्यांत उगवलेली काट्यांची रोपे उपटत. त्यांच्यावर हे काम कुणी सोपवले नव्हते, आणि कुणी थांबवलेही नाही. वाटिकेच्या भिंतीवर बाईंनी मोठ्या अक्षरांत एक कागद लावला: वीस रोपे, बाही, आडवी फाड, तीन मोजा, राख. शाळेतली पोरे येता-जाता पाठ म्हणू लागली. आता गावात चौदा जणांना बुवा ओळखता येतो.

नव्या खेपेच्या रोपांना चार पाने फुटली, तेव्हा स्टुलावर काकू बसल्या होत्या. काका शेजारी उकिडवे, पिशव्या पुढे सरकवत.

"बुवा," काकू म्हणाल्या. काकांनी पिशवी उजवीकडे ठेवली.

"बुवा." उजवीकडे.

"तोतया." काकांनी उपटला.

पुढचे रोप जरा वाकडे होते, पाने अरुंद, रंग फिका. काकूंनी फाडले, थांबल्या. "बुवा."

काकांना ते पटेना. डोळ्यांना ते सरळसरळ तोतया दिसत होते. जुन्या सवयीने त्यांनी काकूंच्या हातातला तुकडा घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि मनात तीन मोजले.

काही नाही.

"काय झालं?" काकूंनी विचारले.

"काही नाही," काका म्हणाले, आणि पिशवी उजवीकडे ठेवली. "वीस झाली तुझी. बाही."